अर्ध्या पानाचे मसुदेकाका

मसुदेकाकांनी अख्खं पान कधी वापरलं नाही. कागद कुठलाही असो, लग्नपत्रिकेची मागची बाजू असो नाहीतर वाण्याच्या पुडीचा कपटा, तो आधी उभा मधोमध दुमडायचा, घडीवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, पुन्हा उलगडायचा आणि फक्त उजव्या अर्ध्यात लिहायचं. डावा अर्धा कोरा. बाजारातून काय आणायचं ते काकी सांगायची आणि काका लिहून घ्यायचे, तेव्हासुद्धा मीठ, चहापूड, रॉकेल सगळं उजवीकडे एकाखाली एक दाटीवाटीनं उभं, आणि डावीकडे मोकळं मैदान. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "काका, ही बाजू कुणाची?" तर म्हणाले, "वरच्या साहेबाची. त्याला काटछाट करायची झाली तर जागा नको?"

माझं डोकंच फिरलं. गोरा साहेब बोटीत बसून कधीच निघून गेला होता, दिल्लीवर आपला झेंडा होता, आणि इथे कराव्याच्या कोळीवाड्यात एक म्हातारा मीठमिरचीच्या यादीत साहेबासाठी जागा सोडून बसला होता! मी तोंडावर म्हणालो, "ही गुलामी आहे." काका चिडले नाहीत. चष्म्यावरून बघत म्हणाले, "आहेच. पण गुलामी कागदाच्या कुठल्या बाजूला बसते ते मला ठाऊक आहे. तुला आहे?"

त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलं होतं. गावातले पहिले मॅट्रिक. माझगावला मावशीकडे राहून शिकले आणि इंग्रजांच्या राज्यात मुंबईच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटले. काम एकच, वरून आलेल्या पत्राला जायच्या उत्तराचा मसुदा करायचा आणि तो वरून खरडून आला की पुन्हा टाइप करायचा. निवृत्त होऊन गावी आले ते काळा कोट, छत्री आणि एक जुना टाइपरायटर घेऊन. गावात कुणीही गाऱ्हाणं घेऊन दारात उभं राहिलं की यांचं ठरलेलं, "आधी मसुदा कर." सासूसुनेचं वाजलं, मसुदा कर. एकाच्या होडीनं दुसऱ्याचं जाळं फाडलं, मसुदा कर. म्हणून मसुदेकाका. लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव त्यांनी हुद्द्यासारखं मिरवलं. कुणी नुसतं 'काका' म्हटलं तर ओ द्यायला वेळ लावायचे.

मी बोनकोड्याचा, भातशेतीवाल्या घरातला. मराठी राज्याच्या चळवळीत पत्रकं वाटून वाटून तयार झालेला. राज्य मिळालं आणि त्यापाठोपाठ महाप्याच्या माळावर कारखान्यांसाठी खुंट्या ठोकायला सुरुवात झाली, तेव्हा मी सायकलला पत्रकांची पिशवी अडकवून खाडीकाठची गावं पालथी घालू लागलो. गावोगाव इंग्रजीतल्या नोटिसा येत होत्या आणि लोक त्या देव्हाऱ्यामागे नीट जपून ठेवत होते! त्या वाचून घ्यायला मी काकांकडे जाऊ लागलो. जाताना माझं पत्रकही दाखवायचो. ते पेन्सिल घेऊन बसायचे. "'रक्ताचा शेवटचा थेंब सांडू.' कुणाचा? नाव लिही. 'सरकारला जाब विचारू.' कुठल्या खात्याला? कुठला प्रश्न? पत्रकवाल्या, तुझ्या कागदाला सगळं डोकंच आहे, धड कुठाय?" मी संतापून उठायचो. अंगणातून काकीचा आवाज यायचा, "चहा घेऊन संताप. तापत ठेवलाय."

काका कागद खालून वर वाचायचे. आधी सही, मग तारीख, मग शेवटचा परिच्छेद, आणि असं चढत चढत वर. मला वाटायचं, म्हातारपणाची लहर. एकदा म्हणाले, "वरती नमस्कार असतो रे. चाकू खाली असतो. बाई कोयता पदराखाली धरून मासळी निवडायला वाकते ना, तसा. चेहरा बघत बसलास तर बोट गेलं."

हे सगळं ते कुठे शिकले, ते मला एका दुपारी ओट्यावर कळलं. मी कुठल्याशा सभेची तयारी करत होतो. काकांनी विचारलं, "परिषद म्हणजे काय, सांग बघू." मी म्हणालो, "लोक जमतात, बोलतात, ठरवतात."

"खुळा आहेस. ठरलेलं असतं म्हणून जमतात."

मग त्यांनी सांगितलं. विलायतेत साम्राज्याची परिषद भरायची. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या आपला कारभार आपण करणाऱ्या वसाहती. त्यांचे मुख्य प्रधान बोटीनं लंडनला जायचे. पण बोटी सुटायच्या कितीतरी आधी पत्रं सुटायची. कुठले विषय घ्यावेत? कुठले नकोत? कुणाची कशाला हरकत? वसाहती आपापली उत्तरं आपण लिहायच्या. हिंदुस्थानला आपला कारभार नव्हता, म्हणून हिंदुस्थानच्या नावानं जायचं उत्तरही कचेऱ्यांतच शिजायचं. त्यातला थोडा मजकूर मुंबईहून मागवला जायचा, कारण परदेशातून हाकललेली माणसं मुंबईच्या धक्क्यावर उतरायची. विचारणारा गोरा, उत्तर देणारा गोरा आणि मध्ये टाइपरायटर बडवणारा कराव्याचा कोळी. "'सरकार सहमत आहे,'" काका म्हणाले, "हे वाक्य मी इतक्यांदा बडवलंय की माझी बोटं अजून झोपेत सहमत होतात."

एका परिषदेच्या आधी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा प्रश्न विषयपत्रिकेवर यावा म्हणून लिखापढी चालली होती. रत्नागिरीकडचा एक दुकानदार तिथलं सगळं गमावून परतला होता. त्याची जबानी काकांनी घेतली. पुढचं काकांच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत मला ते जास्त मोठ्यानं लिहावंसं वाटेल.

"तो म्हणाला, फूटपाथवरून लाथ मारून खाली पाडलं, बायकोदेखत. मी तसंच लिहिलं. पहिल्या टेबलानं डाव्या बाजूला शेरा मारला, 'लाथ' नको, 'धक्का' पुरे. दुसऱ्यानं 'बायकोदेखत' उडवलं, अनावश्यक म्हणून. तिसऱ्यानं 'धक्का' काढून 'प्रतिबंध' घातला. सगळ्यांत वरच्यानं लिहिलं, 'पदपथांच्या वापरासंबंधी काही गैरसोयी.' मग एका वसाहतीचं पत्र फिरत फिरत आलं, की असले किरकोळ विषय परिषदेपुढे कशाला? बरोबरच होतं त्यांचं. आमच्या कागदात किरकोळच उरलं होतं."

"आणि तो दुकानदार?"

"आला होता विचारायला. 'माझं पोचलं का साहेब विलायतेला?' मी म्हणालो, पोचलं." काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला. "नोकरीत डावी बाजू सोडायचो ती नियम म्हणून. आता सोडतो ती समोर दिसत राहावी म्हणून. तिथं माणूस मरतो, पत्रकवाल्या. आवाज होत नाही."

मी विचारलं, "आणि ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांचं काय?" ते हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्या नावापुढे आम्ही लिहायचो, 'हरकत नाही.'"

त्यानंतर काही महिन्यांतच करावे ग्रामपंचायतीला सरकारी लिफाफा आला. खाडीकाठच्या गावांची परिषद बेलापूरला भरणार होती. खाडीच्या कडेनं गोदामं आणि मोठा धक्का बांधायचा, त्यासाठी किनारा तारेच्या कुंपणात घ्यायचा, आणि त्यावर गावांचं मत घ्यायचं. काकांनी कागद उलटा धरल्यासारखा खालून वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. तळाशी होतं, नेमल्या मुदतीत उत्तर न आल्यास पंचायतीची हरकत नाही असे समजण्यात येईल. वरती होतं, आपणांसारख्या स्वयंशासित संस्थांच्या सहकार्याने. काका म्हणाले, "बघ. तोच सांगाडा. लंडनच्या जागी बेलापूर घातलंय एवढंच."

त्या कुंपणात काय जाणार होतं ते सांगतो. गावातल्या शेवटच्या घरामागून बांधावर चढलं की एक पायवाट खारफुटीतून खाली खाजणात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात उतरते. या वाटेनं बायका चिंबोऱ्या, निवट्या, कालवं आणायला जातात. पुरुषांचं जाळं कधी भरतं, कधी रिकामं येतं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तर काहीच नाही. पण चिखल रोज देतो. कराव्यातल्या चुली त्या एका वाटेवर पेटतात. काकांची पेन्शन असूनही काकी त्या वाटेनं जायचीच. काका कुरकुरले की म्हणायची, "तुमचा सरकार महिन्यानं देतंय. माझा रोज देतंय."

मी म्हणालो, बहिष्कार! त्या परिषदेला एकाही गावानं पाय लावायचा नाही. काका म्हणाले, "म्हणजे त्यांचं काम सोपं. रिकाम्या खुर्चीपुढं काय लिहितात ते सांगितलं ना तुला?" आम्ही कडाडून भांडलो. मी त्यांना कारकून म्हणालो, ते मला भोंगा म्हणाले. पण त्यांनी मसुदा केला. कराव्याची या कुंपणाला हरकत आहे, खाजणाची वाट हा विषय परिषदेपुढे घ्यावा, एवढंच. 'आमची वाट तोडल्यास आम्ही उपाशी मरू' हे वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा वाचून तसंच ठेवलं. म्हणाले, "हे कुणी खोडायचं तर त्याला सही करून खोडावं लागेल." पंचायतीचा प्रमुख नाखवा, म्हणजे मोठ्या होडीचा मालक, हा काकीचा सख्खा भाऊ. त्यानं मान हलवली. सही करतो म्हणाला.

आणि तेवढ्यात साहेब आला.

परिषदेचं काम ज्याच्याकडे होतं तो तरुण अधिकारी गाव बघायला आला. माणूस वाईट नव्हता. जोडे हातात घेऊन चिखलापर्यंत गेला, बायकांना नमस्कार केला. त्याच वेळी नाखव्याची होडी किनाऱ्याला लागत होती. जाळं चांगलं भरलं होतं. नाखव्यानं टोपलीत मासळीचा वाटा काढला आणि सगळ्यांसमोर साहेबापुढे धरला. साहेब संकोचला, हसला आणि दोन्ही हातांनी टोपली घेतली. किनाऱ्यावरून एकच आरोळी उठली. मला वाटलं, पाहुणचार झाला. काका माझ्याशेजारी उभे होते, ते हळूच म्हणाले, "मेलो."

कराव्यात वाटा म्हणजे भेट नव्हे. ज्यानं होडीचा वाटा घेतला तो त्या हंगामापुरता होडीतला माणूस. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढेपर्यंत त्याच्याविरुद्ध कुणी तंटा काढायचा नाही, त्यानंही होडीचं वाईट करायचं नाही. चोराला वाटा दिला तर चोर त्या होडीत चोरी करत नाही, इतकी ती बांधिलकी घट्ट. गावानं साहेबाला बांधून टाकलं होतं! आणि साहेबाला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका मसुदा घेऊन नाखव्याच्या ओट्यावर गेले. मी बरोबर होतो.

नाखवा म्हणाला, "भावजी, आता कसली हरकत? साहेब आपल्या होडीत बसला."

"तो जीपमध्ये बसला आणि गेला. तू मासळी दिलीस, त्यानं घेतली."

"वाटा दिला. हात पुढं क्येलान का नाय त्यानं?"

"तुझा कायदा त्याला ठाऊक नाय रे."

"नसंल तर शिकल. पन वाटा खाल्लेल्या मानसाच्या नावानं मी कागद धाडू? उद्या माज्या होडीत कोन कोनावर इश्वास ठेवल?"

मला राहवलं नाही. "नाखवा, तो वाटा त्याच्या स्वयंपाक्यानं कालच तळला!"

"तू गप ऱ्हा. चिखलात भात लावनाऱ्याला होडीचा काय कलतंय?"

काकांनी आवाज खाली आणला. "कचेरीत त्या वाट्याचं काय लिहितील सांगू? 'ग्रामस्थांनी अधिकाऱ्यांचे प्रेमाने स्वागत केले. वातावरण अनुकूल.' मी लिहिलंय असलं. आयुष्यभर तेच लिहिलंय."

नाखवा उठला. "तुमी कचेरीत काय काय लिवलाव त्याचा पाप आमच्यावर नको. गावाची सही नाय मिलनार. आणि गावातल्या कोनी सही क्येलीच, तं त्यो गावातला नाय."

काका घरी आले. टाइपरायटर ओट्यावर घेतला आणि तोच मसुदा पुन्हा टाइप केला. 'ग्रामपंचायत' होतं तिथे 'मी'. काकी भिंतीला टेकून उभी होती. बोलणारा तिचा भाऊ होता, लिहिणारा तिचा नवरा. काकांनी शेवटी वर पाहिलं, तर म्हणाली, "सही कराची तं करा. शाई सुकतंय." त्यांनी सही केली. कागद रजिस्टर पोस्टानं गेला.

परिषद शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. पुढे साहेब, त्याच्या बाजूला लिहून घेणारे, समोर बाकांवर गावोगावचे पंच. साहेबानं सुरुवातीलाच कराव्याचं नाव घेतलं. "त्या गावानं मला आपल्या जाळ्यातली मासळी दिली. एवढा विश्वास असेल तर विकास अडणार नाही." नाखव्यानं मिशीवर हात फिरवला. त्याला वाटलं साहेब वाटा मानतोय. साहेबाला वाटलं गाव कुंपण मानतंय. दोघेही एकमेकांकडे बघून प्रेमानं हसत होते, आणि माझ्या अंगाचा भडका उडत होता.

एकेक विषय झपाट्यानं सरकत होता. किनाऱ्याचं कुंपण आलं. साहेब म्हणाला, "सर्व पंचायती सहमत. एकमतानं मंजूर समजू?" काका उभे राहिले. काळा कोट, हातात कागद. आणि आवाज फुटेना! जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले, स्वतः एकाही परिषदेत उभे राहिले नव्हते. ओठ नुसते हलत होते. मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उठलो, त्यांच्या हातातून कागद घेतला आणि भिंती हादरतील अशा आवाजात वाचला. 'आमची वाट तोडल्यास' इथे आलो तेव्हा लिहून घेणाऱ्यांनी माना वर केल्या.

"खाली बस!" नाखवा ओरडला. "वाटा खाल्लेल्या मानसाच्या तोंडावर? भावजी, लाज धरा!"

साहेब गोंधळला होता. "हे पाहा, गावचे प्रमुखच हरकत नाही म्हणतात. मग एका गृहस्थाच्या हरकतीसाठी..."

आता काकांचा आवाज आला. बारीक, पण आला. "साहेब, हरकत किती जणांची ते विचारू नका. आहे की नाही, एवढंच लिहा. वेळेत आली आहे. पोच माझ्याजवळ आहे. आता 'एकमतानं' हा शब्द तुम्हाला लिहिता येणार नाही."

लिहून घेणारा कारकून साहेबाकडे बघत थांबला. साहेबानं पोच मागून घेतली, तारीख पाहिली. मग म्हणाला, "लिहा. कराव्याची वाट, विचाराधीन."

बाहेर पडल्यावर मी सायकल आपटली. "विचाराधीन! एवढ्यासाठी गावाशी वैर घेतलंत? हा विजय म्हणायचा?" काका घाम पुसत म्हणाले, "विजय नाही. पण विचाराधीन असलेल्या जागेवर तार ओढता येत नाही. आता हा विचार संपू द्यायचा नाही, एवढंच काम."

गावानं आपला शब्द पाळला. काकांना वाळीत टाकलं. हाक नाही, विस्तव नाही, लग्नाचं आवतण नाही. काकांना त्याचं फारसं नव्हतं. ते तसेही माणसांपेक्षा कागदांशी जास्त बोलत. मारली गेली ती काकी. चिखलात कुणी एकटं उतरत नाही. बायका रांगेनं जातात, पुढचीच्या पावलावर पाऊल ठेवून, कारण कुठे चिखल धरतो आणि कुठे गिळतो ते रोज बदलतं. आता काकीसाठी बांधावर कुणी थांबेना. जी वाट तिच्या नवऱ्यानं राखली, त्याच वाटेवर तिला एकटं चालावं लागलं! मी चिडून विचारलं, "काकी, बंद करा ना जायचं." म्हणाली, "मीच बंद क्येलं तं ह्यांनी भांडण कशाला क्येलं?"

तेव्हापासून काका ओहोटीला बांधावर येऊन उभे राहू लागले. कोट, छत्री, आणि नजर चिखलावरच्या एका ठिपक्यावर. मी गेलो तर मान न वळवता बोलायचे. एकदा मी शेजारी असतानाच तो ठिपका थांबला. काकी मांडीपर्यंत रुतली होती आणि भरतीचं पाणी वळायला लागलं होतं. काका छत्री टाकून खाली धावले, मी मागे, आणि दोघेही बांधाखालीच घोट्यापर्यंत अडकलो. लांब चिंबोऱ्या काढणाऱ्या बायकांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग त्या आल्या. आडव्या झोपून हाताला हात लावून त्यांनी काकीला ओढलं. बाहेर काढलं, तिची टोपली तिच्या डोक्यावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. काकी रडली नाही. काका मात्र त्या दिवशी ओट्यावर बसून ढसाढसा रडले. मला म्हणाले, "कागदात हे मांडता आलं पाहिजे रे. कसं मांडायचं?"  

कचेरीतून पत्रं येत राहिली. वाटेची रुंदी कळवा. पर्यायी वाट चालेल का? दर पत्राला काका उत्तर द्यायचे, आणि उत्तर असं की त्यातून कचेरीला नवा प्रश्न पडलाच पाहिजे. त्यांना मी कधी एवढं तरतरीत पाहिलं नव्हतं. "पूर्वी मी विषय मारायचो," म्हणायचे, "आता एक जगवतोय." शेजारच्या दोन गावांनी होकार दिला होता, तिथे कुंपण उभं राहिलं. कराव्याच्या हद्दीशी येऊन तार थांबली आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली. मध्ये ती वाट. त्या दोन गावांतल्या बायका तारेच्या गावाकडच्या बाजूला रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या कराव्यानं पाहिल्या. 

एका उन्हाळ्यात काकांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी मी गेलो की विचारायचे, "पत्र आलं?" नाही म्हटलं तर म्हणायचे, "न येणारं पत्र वाईट. त्याची आठवण ठेव." ते गेले त्या दिवशी मला धास्ती होती की तिरडीला खांदा द्यायला आम्ही बाहेरचेच लोक असू. नाखवा आला. मागून सगळा कोळीवाडा आला.  खांदा बदलत बदलत त्यांनी काकांना नेलं. मला राग आवरत नव्हता. जिवंत माणसाला विस्तव नाकारायचा आणि मेल्यावर अग्नी द्यायला रांग लावायची! मी नाखव्याशी बोललो नाही.

पावसाळा संपता संपता नाखवा बोनकोड्याला माझ्या दारात उभा. चालत आला होता. कमरेच्या फडक्यातून सरकारी लिफाफा काढला. काकांच्या नावाचा. मी वाचला, खालून वर. हरकतदारांकडून बरेच दिवस पत्र नाही, हरकत कायम आहे की कसे ते कळवावे, उत्तर न आल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल. सही नवी होती.

"त्यो साहेब?" नाखव्यानं विचारलं.

"बदली झाली त्याची. कधीच."

नाखव्यानं लिफाफा उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे वाटा खाल्ला त्यो मानूस गेला, आनि खुर्ची ऱ्हायली. खुर्चीला काय खायला घालायचा?"

मी त्याला सोडणार नव्हतो. "हरकतदार तुमच्या गावातला नव्हता ना? तुम्हीच म्हणालात. तो गेला. हरकत सुटली."

"कशी सुटल?" नाखवा एकदम तडकला. मग आवाज बसला त्याचा. "मानूस मेला. हरकत हाय."

मी कागद घेतला. काकांचा टाइपरायटर काकीनं मला दिला होता, त्यावर बसलो. खूप लिहायचं होतं. लाथेचं, चिखलाचं, खांद्यांचं, सगळं. नाखवा शेजारी उभा राहून म्हणाला, "लय लिवू नको. मी बोललो तेवढाच लिव." मी तेवढंच लिहिलं. खाली नाखव्यानं सही केली, आणि कागद कराव्याला गेल्यावर त्याच्याखाली तिथल्या बायकांनी अंगठे उठवले, पहिला काकीचा.

हरकतदार मयत. हरकत कायम.